दुबईची ऑफर आलीये, १ नोव्हेंबर जॉइनिंग. बायको-मुलीला लगेच न्यावं की सहा महिन्यांनी?

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, वय ३५, एसी डक्टिंगच्या डिझाइनचं काम करतो. नऊ वर्षं झाली, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, घणसोलीला उतरायचं आणि शेअर रिक्षाने महापे एमआयडीसी. आता दुबईच्या एका कंपनीची ऑफर आहे, महिना १२,००० दिरहम, त्यातले बेसिक ४,८००, बाकी हाउसिंग आणि ट्रान्सपोर्ट अलाउन्स. बायको वाशीला जॉब करते, मुलगी साडेतीन वर्षांची. आई-बाबा आमच्याबरोबरच आहेत, बाबा ७१ चे, शुगर आहे.

व्हिडिओ भरपूर बघितले पण सगळे बुर्ज खलिफा आणि मॉलच दाखवतात. रोजचं राहणं कसं असतं, पहिल्या महिन्यात किती पैसे लागतात, आणि फॅमिलीला लगेच न्यावं की आधी एकट्याने सेट व्हावं? जे राहून आलेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

करामा_ते_ऐरोली

११ वर्षं होतो तिथे, आता ऐरोलीत परत आलोय.

पहिली गोष्ट, १२,००० चा आकडा बघू नका, बेसिक बघा. ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचा. ४,८०० बेसिक म्हणजे वर्षाला ३,३६० दिरहम, तोच बेसिक ७,२०० असता तर ५,०४० झाले असते, म्हणजे टोटल पगार तेवढाच ठेवून नुसता बेसिक वाढवून मागितला तरी दहा वर्षांत केवढा फरक पडतो बघा. सही करायच्या आधी बोला, नंतर कुणी ऐकत नाही.

दुसरं घरभाडं. आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला देतो, तिथे वर्षाचं भाडं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात, कुणी चार घेतो कुणी दोन. मी २०१९ ला वन बेडरूम घेतला तेव्हा ४२,००० दिरहम वर्षाचं भाडं होतं, चार चेक, म्हणजे पहिला चेक १०,५०० चा, त्यावर ५ टक्के डिपॉझिट, एजंटचं कमिशन वेगळं, लाईट-पाण्याचं डिपॉझिट २,००० आणि भाडेकरार रजिस्टर करायचा, ज्याला तिथे इजारी म्हणतात, त्याचे अजून थोडे. पगार हातात यायच्या आधीच १६-१७ हजार गेले. शिवाय लाईट-पाण्याच्या बिलात दर महिन्याला हाउसिंग फी लागून येते, वर्षभराच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा महिन्यांत वाटून. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, पहिलं बिल बघून मी हादरलोच होतो. कंपनीला विचारा की हाउसिंग अलाउन्स वर्षाचा आधी देता का, पुष्कळ कंपन्या देतात आणि पगारातून वळता करून घेतात.

अल_नाहदा_ताई

मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, इथे सात वर्षं झाली. माझं मत विचाराल तर लगेच आणा पण कागद पूर्ण करूनच. आमचे आठ महिने गेले होते, मुलाने तेवढ्यात बाबांना फोनमधला माणूस करून टाकलं होतं, प्रत्यक्षात भेटल्यावर दोन दिवस जवळ गेला नाही. ते मला अजून आठवतं.

कागद म्हणजे तुमची डिग्री आणि लग्नाचं सर्टिफिकेट, दोन्ही अटेस्ट करून घ्या, मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतलं यूएई कॉन्सुलेट. मुलीचं बर्थ सर्टिफिकेट पण. त्यावर तिचं नाव आहे का ते आजच बघा. आपल्याकडे हॉस्पिटलमधून नोंद होते तेव्हा नावाची जागा रिकामी असते आणि बारशानंतर नाव टाकायचं राहून जातं. आणि लग्नाच्या दाखल्यावर वहिनींचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असं असेल तर तेही आधी निस्तरा.

रोजचं राहणं म्हणाल तर जून ते सप्टेंबर दिवसा बाहेर पडता येत नाही, मुलं बागेत रात्री ९ नंतर खेळतात. भाजी, कढीपत्ता, पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं. मीना बाजारात गणपतीची मूर्ती आणि दूर्वा पण. आम्ही दीड दिवसाचा बसवतो आणि बादलीत विसर्जन करतो, तेव्हा मात्र मासुंदा तलावाची फार आठवण येते, डोळ्यातून पाणी येतंच.

एक फार महत्त्वाचं, सामानात खसखस आणू नका. इथे बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला अनारसे भरून दिले होते, वर खसखस लावलेली, नवऱ्याच्या मित्राने निघताना ओळखलं म्हणून वाचलो. काळ्या मसाल्यात पण असते, आईंना विचारून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पण नको.

खारघर_अकाउंट्सवाला

टॅक्सचं एक कुणी बोललं नाही. एप्रिल ते ऑक्टोबर तुम्ही भारतात आहात, म्हणजे रेसिडेंट धरायची १८२ दिवसांची मर्यादा उलटून गेली, त्यामुळे या वर्षाला तुम्ही इथले रेसिडेंटच धरले जाणार आणि नोव्हेंबर ते मार्चचा दुबईचा पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागेल. पुढच्या वर्षीपासून वेगळं. जायच्या आधी सीएकडे बसा. सेव्हिंग खातं एनआरओ करायचं, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं, आणि तिथली कमाई इथे पाठवायला एनआरई खातं उघडायचं.

नौपाडाकर

सगळ्यांचे खूप आभार, बेसिकचं आजच एचआरला मेल केलं. पण खरं सांगू, मला रात्री झोप लागत नाही ती आई-बाबांमुळे. त्यांचं तुम्ही काय केलंत?

करामा_ते_ऐरोली

दादा, माझी चूक सांगतो. मला वाटायचं विमानाने तीन तासांचं अंतर आहे, काही झालं तर पोचू. २०२१ मध्ये रात्री अडीचला शेजारच्या काकांचा फोन आला, वडील बाथरूममध्ये पडले होते. मी घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली होती. तोपर्यंत आईला हॉस्पिटलचं डिपॉझिट भरता आलं नाही कारण खातं, एफडी सगळं एकट्या वडिलांच्या नावावर, आणि मेडिक्लेमचं कार्ड कुठे ठेवलंय ते मला पण माहीत नव्हतं. शेवटी काकांनी स्वतःचे ६०,००० भरले. वडील बरे झाले, पण त्या बाईला त्या रात्री मी एकटं टाकलं होतं.

म्हणून आईचं नाव खात्यात जॉइंट घाला, कोणीही एकाने सही केली तरी चालेल असं. मेडिक्लेम कार्डाचा फोटो शेजाऱ्यांच्या फोनमध्ये ठेवा, घराची एक किल्ली त्यांच्याकडे. फोनचं पण ठरवून टाका. तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातो पण कॉल लागत नाही, बोटिम ॲप आईच्या फोनमध्ये आधी टाकून तिला शिकवा. वेळ दीड तास मागे आहे, तुम्ही ट्रॅफिकमधून ८.३० ला घरी याल तेव्हा ठाण्यात १० वाजलेले असतील आणि बाबा झोपलेले. मी सकाळी ६ ला करायचो, इथे ७.३०, चहाच्या वेळेला. ती वेळ कधी चुकवली नाही.

नौपाडाकर

काल बाबांशी बोललो. काही न बोलता उठले, कपाटातून एफडीच्या पावत्या काढून टेबलावर मांडल्या, सात आहेत, सातही एकट्याच्या नावावर. सोमवारी दोघांना घेऊन बँकेत जातोय.

ताई, बर्थ सर्टिफिकेट बघितलं, नावाची जागा रिकामीच आहे आणि मुलीचा पासपोर्ट पण काढलेला नाही. साडेतीन वर्षांनी नाव टाकून देतात का?

अल_नाहदा_ताई

देतात, १५ वर्षांपर्यंत टाकता येतं, एक वर्ष उलटलंय म्हणून लेट फी लागेल. ठाणे महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला जा, तुमचं दोघांचं आधार घेऊन. स्पेलिंग घरी कागदावर लिहून न्या, वहिनींना दाखवून.