मकर राशीला बोकडाचं तोंड कुठून आलं?

बी-३०४: लेक विचारतेय, मकर म्हणजे मगर ना? मग राशींच्या चित्रात बोकडाचं तोंड आणि माशाची शेपटी का? कुणी सांगेल का?

सी-१०१: ग्रीक गोष्ट आहे वहिनी. टायफॉन नावाचा राक्षस चालून आला तेव्हा पॅन देवाने नाईल नदीत उडी टाकली. पाण्यात गेलेलं अंग मासा झालं, वरचं बोकड राहिलं.

ए-६०२: गोष्ट बरोबर आहे दादा, पण चित्र त्या गोष्टीहून फार जुनं आहे. बोकडमासा हे बॅबिलोनियातल्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, एआ देवाचं चिन्ह. एआ म्हणजे गोड्या पाण्याचा, शहाणपणाचा देव. राजाने जमीन इनाम दिली की दगडावर तसा लेख कोरत. अशा तीन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर हा प्राणी आहे. पुढे मातीच्या पाट्यांवरच्या 'मुल-अपिन' या ताऱ्यांच्या यादीत तो चंद्राच्या वाटेवर दिसतो. सिंह, विंचू, बैलही तिथेच आहेत.

सी-१०१: म्हणजे ग्रीकांचं स्वतःचं काहीच नाही?

ए-६०२: छे, तसं अजिबात नाही. सप्तर्षी, कृत्तिका, मृग होमरच्या काव्यात आहेत. आपण देवयानी, शर्मिष्ठा म्हणतो ते तारे म्हणजे त्यांच्या अँड्रोमेडा आणि कॅसिओपिया, ती कथा ग्रीकच. पण राशींची बरीचशी चित्रं त्यांच्या हाती तयार आली आणि गोष्टी नंतर जुळवाव्या लागल्या. धनु बघा. बॅबिलोनियात तो पाबिलसाग: घोड्याचं धड, पंख, विंचवाची नांगी, हातात धनुष्य. ग्रीकांनी त्याला सेंटॉर म्हटलं, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा घोडा. पण एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावावरच्या ग्रंथात हरकत आहे की सेंटॉर धनुष्य वापरतच नाहीत! म्हणून तिथे हा क्रोटस नावाचा दोन पायांचा धनुर्धारी ठरवला. चित्र आधीचं आणि गोष्ट मागाहूनची, याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा हाच वाटतो.

बी-३०४: आणि आपली मगर?

ए-६०२: वराहमिहिर सहाव्या शतकात लिहितो, 'मकरो मृगास्यः', म्हणजे हरणाच्या तोंडाचा मकर. त्याने मकरेला 'आकोकेर' असंही नाव दिलंय, ते ग्रीक 'ऐगोकेरोस'वरून आलेलं, अर्थ बोकडाच्या शिंगांचा. लेकीला सांगा, तिची शंका अगदी योग्य आहे.

डी-२०३: कन्येच्या हातात कणीस असतं, तेही तिकडचंच का?

ए-६०२: हो काकू! बॅबिलोनियात ती रास म्हणजे 'अब-सिन', नांगराचं तास. तिथली देवी शाला, हातात कणीस घेतलेली. त्या कणसाच्या जागी आपली चित्रा आहे. तिचं लॅटिन नाव स्पायका, अर्थ कणीसच. वराहमिहिराची कन्याही 'ससस्या', हातात पीक घेतलेली आणि नावेत बसलेली.

बी-३०४: चित्रा आत्ता दिसेल?

ए-६०२: मे महिना आहे, नक्की दिसेल. साडेआठला गच्चीवर या. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा, आधी तांबूस स्वाती लागते, मग पांढरी चित्रा. लेकीला घेऊन या.