मदत हवी आहे: शोधनिबंधातले तक्ते कसे वाचायचे?

एम.ए. अर्थशास्त्र, बीड जिल्हा. प्रकल्प १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजनेवर. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध चाळले. गूगल स्कॉलरवर मराठीत शोधून फारसं हाती लागलं नाही. इंग्रजीत शोधलं, तर बरेच लेख पैसे मागतात. स्कॉलरमधल्या 'ऑल व्हर्जन्स' (त्याच लेखाच्या इतर प्रती) या दुव्यातून दोन पीडीएफ मिळाल्या, जेस्टोर या लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातंही काढलंय. कॉलेजात एन-लिस्ट (कॉलेजांना ई-जर्नल्स वाचायला देणारी योजना) नाही, हातात फक्त मोबाईल.

खरी अडचण मात्र वाचण्याची आहे. सारांश, निष्कर्ष समजतात. मधले रिग्रेशनचे (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यात मोजण्याच्या पद्धतीचे) तक्ते डोक्यावरून जातात, आणि ते सोडून नुसता निष्कर्ष उतरवणं मला पटत नाही. आकड्याशेजारच्या ताऱ्यांचा अर्थ (आकडा शून्यापासून ठळकपणे वेगळा असल्याची खूण) सरांनी सांगितला. पण खाली कंसात असतो तो आकडा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) की टी-व्हॅल्यू (अंदाज भागिले स्टँडर्ड एरर), हे कुठे बघून ठरवायचं? आणि तारा नसलेला आकडा म्हणजे 'योजनेचा परिणाम झालाच नाही' असं लिहावं का?