गाजलेल्या भाषणांतून ‘आपलेपणा’ कसा शिकवावा?

प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. यंदा अकरावीला ‘आपलेपणा’ हे सूत्र धरून काही गाजलेली भाषणे वाचून घ्यायची, असे ठरवले आहे. परंतु पहिल्याच तासाला मार्टिन ल्यूथर किंग यांचे २८ ऑगस्ट १९६३ चे वॉशिंग्टनमधील भाषण घेतले, तेव्हा मुलांनी स्वप्नाची वाक्ये पाठ म्हणून दाखवली आणि चर्चा तिथेच थांबली. एखादा माणूस देशाचा आहे की नाही हे कोण ठरवते, या प्रश्नापर्यंत मुलांना न्यायचे असेल, तर कोणती भाषणे निवडावीत आणि ती कशी वाचावीत?

प्रतिसाद १

सर्वनामांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. जन्माने गुलाम असलेले आणि १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांना न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावले होते. ५ जुलै १८५२ च्या त्या भाषणात ते श्रोत्यांना ‘नागरिक बंधूंनो’ अशी साद घालतात आणि तरीही ‘तुमचे पूर्वज’, ‘तुमचे स्वातंत्र्य’ असेच म्हणत राहतात. पुढे तर हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही, असे स्पष्टच सांगतात. मुलांना प्रत्येक ‘तुमचे’खाली पेन्सिलीने रेघ मारायला लावा. पान भरते, आणि मग वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिसाद २

वरील सूचनेला एक जोड देतो. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे, मराठीत मात्र ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून मुलांकडून उतारे मराठीत करून घ्यावेत. मी सिडनीत राहतो. येथील रेडफर्न पार्कमध्ये १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी आदिवासी समुदायासमोर कबुली दिली, की जमिनी आम्ही घेतल्या, रोग आम्ही आणले, हत्या आम्ही केल्या. येथे ‘आपण’ लिहिले तर समोर बसलेले आदिवासीच स्वतःच्या विध्वंसाचे भागीदार ठरतात. हे भाषण अवश्य घ्या. आपलेपणा नाकारणाऱ्यांपैकीच एक म्हणून बोललेला माणूस अभ्यासात सहसा येतच नाही.

प्रतिसाद ३

माझा आक्षेप ‘आपलेपणा’ या शब्दालाच आहे. त्याला घरगुती मायेचा वास आहे, आणि माया देणारा ती काढूनही घेऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शब्द वापरला तो बंधुतेचा. तिच्यावाचून समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या थरांइतकेच वरवरचे राहतील, असे त्यांनी बजावले. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, हा त्यांचा प्रश्न बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्याच भाषणातील अमेरिकन चर्चची गोष्ट वर्गात वाचलीच पाहिजे. प्रार्थनेत ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे’ असे शब्द घालण्याचे सुचवले गेले, दुसऱ्या दिवशी ‘राष्ट्र’ या शब्दाला इतके आक्षेप आले की त्याऐवजी ‘या संयुक्त संस्थानांना’ असे घालावे लागले. एका शब्दावर माणसे किती अडतात, हे यावरून मुलांना चटकन उमगते. उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘आम्ही, भारताचे लोक’ असे आहे, ‘आपण’ नाही. का, हेही विचारून पाहावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल किंग यांचेच भाषण पुन्हा घेतले आणि गोऱ्या बांधवांचे भवितव्य आपल्या भवितव्याशी जोडलेले आहे, एकट्याने चालता येणार नाही, हा परिच्छेद मराठीत करायला दिला. बहुतेकांनी ‘आपल्याला एकट्याने चालता येणार नाही’ असे लिहिले. दोन मुली मात्र ‘आम्हाला’वर ठाम राहिल्या. त्यांनी आधीचे ते वाक्य काढून दाखवले, ज्यात कृष्णवर्णीय माणूस स्वतःच्याच भूमीत निर्वासित असल्याचे किंग म्हणतात, आणि विचारले, की निर्वासिताने ‘आपण’ कोणत्या आधारावर म्हणायचे? तास संपला, तरी वाद चालूच होता. पुढच्या आठवड्यात डग्लस घेणार आहे.