मदत हवी आहे: आई-बाबांसोबत नोतो द्वीपकल्प
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन जपानला जातोय. माझा जीव अडकलाय तो इशिकावातल्या नोतोमध्ये. थेट समुद्रापर्यंत उतरत गेलेली शिरोयोने सेनमाइदाची हजारावर छोटी भातखाचरं आणि वाजिमाचं लाखकाम त्यांना दाखवायचंच आहे. पण १ जानेवारी २०२४ चा भूकंप, त्याच सप्टेंबरातला पूर... वाजिमाच्या सकाळच्या बाजाराचा परिसर तर आगीत गेला. अशा वेळी पाहुणे आलेले तिथल्या लोकांना आवडतील की अडचण होईल? अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर जरूर सांगा. कानाझावापर्यंत शिनकान्सेन आहे, वाजिमाला मात्र रेल्वे नाही. बसवर भागेल का, की गाडी भाड्याने घ्यावी? शिवाय आई पूर्ण शाकाहारी, आणि तिकडे साध्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो. तिच्या जेवणाची सोय होईल असा मुक्काम सुचवाल का?