पार्किंगमध्ये ऑइल बदलू का? (कर्वेनगर, सोसायटी ग्रुप)

मंदार, बी-५०१: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी गाडीचं इंजिन ऑइल आणि फिल्टर पार्किंगमध्येच बदलणार आहे. शेजारच्या दोन गाड्या जरा सरकवाव्या लागतील, म्हणून आधीच सांगतोय.

सेक्रेटरी, ए-१०२: मंदार, मागच्या सभेत ठरलंय ना, पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती नको म्हणून? पेव्हर ब्लॉक नवे आहेत. त्यावर ऑइल सांडलं की डाग कायमचा.

मंदार, बी-५०१: काका, खाली जुनी ताडपत्री, त्यावर पुठ्ठे, त्यावर घमेलं. एक थेंब दिसला तर मीच घासून काढेन.

रोहन, ए-२०२: किती वाचतात पैसे? मलाही इंटरेस्ट आहे.

मंदार, बी-५०१: खरं सांगू का, फार नाही. ऑइल तर विकतच घ्यायचंय, वाचते ती मजुरी. पण कोणतं ऑइल पडलं आणि फिल्टर खरंच बदलला का, हे स्वतःला माहीत असतं.

रोहन, ए-२०२: माझी गाडी दीड वर्षाची आहे.

मंदार, बी-५०१: मग तू हात लावू नकोस. वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत सर्व्हिसचं रेकॉर्ड ठेव. उद्या इंजिनाचं काही निघालं तर पहिला प्रश्न तोच येतो. माझी वॉरंटी कधीच संपली.

जोशी काका, बी-१०४: मंदार, गाडी उचलणार कशी?

मंदार, बी-५०१: डिकीतला जॅक आहे की.

जोशी काका, बी-१०४: अजिबात नाही. तो जॅक चाक बदलायला दिलेला असतो, खाली झोपायला नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. माझ्याकडे दोन जॅक स्टँड आहेत, उचललेली गाडी टेकवून ठेवायचे पाय, ते ने. आणि आपले पेव्हर ब्लॉक दाबाने खचतात, तेव्हा स्टँडखाली जाड प्लायचे तुकडे हवेत. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. स्टँड लावल्यावर गाडी हाताने हलवून बघायची. डुलली तर पुन्हा उतरवायची.

मंदार, बी-५०१: हो काका. संध्याकाळी येतो न्यायला.

जोशी काका, बी-१०४: ये, आणि चहाला थांब. तेवढ्यात बाकीचंही सांगतो.

सुनील, सी-३०१: ऑइल कोणतं टाकणार? पुण्याच्या उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पातळ ऑइल टिकत नाही. मी माझ्या जुन्या गाडीला २०डब्ल्यू-५० टाकायचो. इंजिन शांत.

जोशी काका, बी-१०४: सुनील, जुन्या गाडीला ते चालून गेलं. आताच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० नाहीतर ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, ते उगाच नाही. पुढचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, मागचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहतं ते. बाहेर एप्रिल असो वा डिसेंबर, चालू इंजिनाच्या आतलं तापमान त्याच घरात असतं. झीज जास्त होते ती सकाळी स्टार्टर मारल्या मारल्या, ऑइल वर पोहोचेपर्यंत. पातळ ऑइल लवकर पोहोचतं. शिवाय व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. फार दाट ऑइल घातलं तर ती सुस्त होते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं.

सुनील, सी-३०१: बरं बाबा. इंजिन शांत वाटायचं, एवढंच म्हणतोय.

स्मिता, सी-१०३: आमची बीएस-६ डिझेल आहे. तिलाही हेच?

जोशी काका, बी-१०४: नाही वहिनी. तुमच्या गाडीला डीपीएफ आहे, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्याला कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, साध्या ऑइलच्या राखेने तो हळूहळू भरत जातो. आणि एक बघत जा. तुमचं रोजचं जाणं डेक्कनपर्यंतच ना? छोट्या फेऱ्यांत डीपीएफची सफाई अर्धवट राहते, तेव्हा थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, गाडी दाखवून घ्या.

स्मिता, सी-१०३: अरे देवा. उद्याच बघते.

रोहन, ए-२०२: काका, मंदारला घरी सांगणार ते इथेच लिहा ना. आम्हालाही कळेल.

जोशी काका, बी-१०४: लिहितो, चष्मा शोधू दे.

गाडी सपाट जागी. इंजिन पाच मिनिटं चालवायचं, मग बंद करून दहा मिनिटं थांबायचं. ऑइल कोमट हवं, म्हणजे गाळासकट खाली येतं. कडकडीत असेल तर मनगट भाजतं. ऑइल ओतायचं वरचं झाकण आधी सैल करायचं. चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, तिचा ड्रेन बोल्ट शेवटचे आटे सुटेपर्यंत हाताने वर दाबून फिरवायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा, नाहीतर तो घमेल्यात पडतो आणि कोपरापर्यंत हात घालून शोधावा लागतो. ऑइल आधी तिरकं उडतं, जोर कमी झाला की सरळ खाली पडतं. घमेलं त्याप्रमाणे सरकवायचं. फरशी इथेच खराब होते.

बोल्टचं वायसर नवीन घ्यायचं, दहा-वीस रुपयांची वस्तू. आणि बोल्ट आवळताना पैलवानकी नको. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असला तर आटे जातात, मग सगळी बचत चेंबरमध्ये.

मंदार, बी-५०१: टॉर्क रेंच आहे माझ्याकडे, ठरावीक जोरानेच आवळणारा पाना.

जोशी काका, बी-१०४: उत्तम. आता फिल्टर. जुना काढलास की त्याची रबरी रिंग फिल्टरलाच आहे का ते बघ. कधी कधी ती इंजिनला चिकटून राहते आणि लोक तिच्यावरच नवा फिल्टर बसवतात. दोन रिंगा झाल्या की गाडी चालू केल्यावर ऑइलची पिचकारी. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावायचं, फिल्टर टेकेपर्यंत हातानेच फिरवायचा, मग हातानेच आणखी पाऊण फेरा. पाना फक्त काढायला.

ऑइल एकदम सगळं ओतू नकोस. पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी घाल, इंजिन चालू कर. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला पाहिजे, नाही गेला तर लगेच बंद. खाली गळत नाही ना ते बघ. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांब, डिपस्टिक पूस, पुन्हा घाल, मग वाच. दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, त्यात फिरून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

रोहन, ए-२०२: काका, जपून ठेवतो हा मेसेज.

सायली, ए-४०३: सगळं वाचलं. कुणीच लिहिलं नाही की निघालेलं जळकं ऑइल जाणार कुठे? तीन-साडेतीन लिटर असेल ना?

सुनील, सी-३०१: शेजारच्या साइटवर देऊ. ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. आनंदाने नेतील.

सायली, ए-४०३: लावतात, माहितेय. आणि पहिल्या पावसात ते धुऊन नाल्यात, नाल्यातून मुठेत. मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे भीमा, पुढे उजनी.

स्मिता, सी-१०३: आणि उजनीचं पाणी आमच्या सोलापूरला. माझी आई तेच पिते हो.

सुनील, सी-३०१: बरं बरं, साइट रद्द.

सायली, ए-४०३: वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. गटारात नाही, झाडाच्या आळ्यात नाही, आणि कृपा करून आपल्या कचऱ्याच्या बादल्यांतही नाही. तो कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. मंदार, तूही हातमोजे घाल. ते ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही, कर्करोगाचा धोका असतो.

मंदार, बी-५०१: ताई, घेतलेत नायट्रिलचे. ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून माझ्या नेहमीच्या गॅरेजला देणार आहे. त्यांच्याकडे पिंप असतं.

सायली, ए-४०३: ते पिंप पुढे कुणाला देतात ते विचार. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरला जात असेल तर ठीक. भट्टीत जाळायला नेणारेही येतात. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरही आहे, म्हणजे रीतसर नेणारे आहेत, आपण विचारायला हवं. आणि त्यात पाणी, कूलंट, रॉकेल काही मिसळू नकोस. मिसळलेलं ऑइल शुद्ध करणं अवघड जातं.

मंदार, बी-५०१: आजच फोन करतो. आणि जुना फिल्टर?

जोशी काका, बी-१०४: रात्रभर घमेल्यात उलटा ठेव, सगळं निथळू दे. मग पिशवीत बांधून ऑइलबरोबरच दे. आत कपभर तरी ऑइल असतंच.

सुनील, सी-३०१: नव्या ऑइलचा रिकामा कॅन मात्र मला दे, बागेत पाणी घालायला.

मंदार, बी-५०१: काका, नाना पेठेत ज्यांच्याकडून ऑइल घेतलं त्यांनीच बजावलंय, रिकाम्या कॅनला भोक पाडूनच भंगारात द्या. अख्खा कॅन झाकणासकट गेला की त्यात भलतंच ऑइल भरून पुन्हा विकतात. बागेसाठी झारी आणून देतो तुम्हाला.

सेक्रेटरी, ए-१०२: एवढी तयारी बघून एकदा परवानगी देतोय. कायमची नाही. अटी तीन. काम पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, ड्रेनेजच्या झाकणापासून लांब. शेजारी लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू ठेवायची, सांडलं तर पाणी मारायचं नाही, त्यावर भुसा टाकायचा. आणि तो भुसाही सोसायटीच्या कचऱ्यात नाही.

मंदार, बी-५०१: मान्य.

सेक्रेटरी, ए-१०२: शिवाय रविवारी नऊला पाण्याचा टँकर येतो, तो तिथूनच वळतो. तुझी गाडी स्टँडवर असताना आला तर अर्धी बिल्डिंग माझ्या दारात.

मंदार, बी-५०१: मग टँकर गेल्यावर सुरू करतो.

रोहन, ए-२०२: मी बघायला येऊ?

जोशी काका, बी-१०४: बघायला नाही, टॉर्च धरायला ये. आणि मंदार, तुझा ड्रेन बोल्ट १४ चा की १७ चा ते आजच बघून सांग, १७ चा सॉकेट माझ्याकडे नाही.