'सरसकट', 'प्रत्येकी', 'वाटून': डॅमेजला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबाग, सांगली
डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा खेळ नव्यानं खेळणाऱ्या मुलांसाठी नियमांचा मराठी तक्ता करतोय, २०१४च्या आवृत्तीवरून. 'एरिया डॅमेज'ला 'क्षेत्रीय हानी' आणि 'सिंगल टार्गेट डॅमेज'ला 'एकलक्ष्यी हानी' लिहिलंय, पण वाचताना परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. फायरबॉल या आगीच्या स्पेलची (मंत्राची) ओळ अशी आहे: '२० फूट घेरात २८ हानी.' यापेक्षा चांगले शब्द सुचवा.

कराड
'हानी' आधी काढा. जीवितहानी, वित्तहानी हे गावाच्या, जिल्ह्याच्या हिशेबाचे शब्द आहेत. मालाचं नुकसान होतं, अंगाला इजा होते. तक्त्यात 'इजा' लिहा, बोलताना मुलं डॅमेजच म्हणणार आणि ते बरोबरच आहे. जोडीसाठी 'वार' आणि 'मारा' घ्या. वार एकावर होतो, मारा पसरून होतो. तोफांचा मारा, दगडांचा मारा.

मिरज
'वार' पटला, 'मारा' नाही. प्रश्नांचा मारा एकट्या माणसावरही होतो. माऱ्यात महत्त्वाचं असतं ते एकामागून एक येणं, पसरणं नव्हे. मॅजिक मिसाइल या स्पेलचे तीनही बाण एकाच ऑर्कवर (खेळातला एक राक्षस) सोडले तर तो मारा झाला, पण एरिया डॅमेज झाला नाही.

एरियासाठी आपल्याकडचा रोजचा शब्द आहे 'सरसकट'. तासगाव भागात गारपीट झाली की बागेचं सरसकट नुकसान झालं म्हणतात. गार घड निवडून पडत नाही. फायरबॉलही तसाच, आत उभा असलेला आपला गडीही भाजतो. नव्या खेळाडूची सगळ्यात महागडी चूक तीच, आणि ती या एका शब्दानं टळते. उलट स्पिरिट गार्डियन्स या स्पेलमध्ये कुणाला वगळायचं ते स्पेल टाकतानाच ठरवता येतं. तिथे 'सरसकट' लिहू नका, 'वगळून' लिहा.

वाई
शब्द 'इजा' असो की 'हानी', खरी चूक त्या ओळीत दुसरीकडे आहे. दोन ठिकाणी आहे.

पहिली 'घेर'. झाडाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून मोजतो तो घेर. २० फूट घेर म्हणजे त्रिज्या जेमतेम सव्वातीन फूट, नकाशावरची ५ फुटांची एक चौकटसुद्धा धड भरत नाही. फायरबॉलची त्रिज्या २० फूट आहे, म्हणजे एका कडेपासून दुसरीपर्यंत ४० फूट, आठ चौकटी. 'त्रिज्या' शाळेत शिकवतात, मुलांना कळतं.

दुसरी नुसतं '२८'. चौघे आत असतील तर चौघांत मिळून २८, म्हणजे वाट्याला ७, असंच कुणीही वाचेल. नियम असा: सहा बाजूंचे आठ फासे सगळ्यांसाठी एकदाच टाकायचे आणि आलेली पूर्ण बेरीज प्रत्येकाला लागू करायची. सरासरी २८ प्रत्येकी, सेव्ह (इजेतून वाचायला टाकलेला फासा) साधला तर १४. मॅजिक मिसाइल नेमकं उलट: तीन बाण, प्रत्येक बाणाला चार बाजूंचा एक फासा अधिक १, आणि ते वाटून देता येतात. म्हणून 'प्रत्येकी', 'वाटून' आणि 'एकट्याला' हे तीन शब्द तक्त्यात हवेतच. मराठीत हे आयते आहेत, जोडशब्द घडवायची गरजच नाही.

तुलना करतानाही 'एकूण' हा शब्द फसवतो. चार ओगर (धिप्पाड राक्षस), प्रत्येकी ५९ एचपी (जीवाचे गुण, ते संपले की पडतो). फायरबॉल टाकला, एकाचाही सेव्ह साधला नाही, एकूण इजा ११२. आकडा डोळे दिपवतो, पण पडला कुणीच नाही. पुढच्या फेरीत दुसरा टाकला, प्रत्येकी ५६ झाले. अजून चौघांचेही सोटे चालूच, कारण प्रत्येकाकडे ३ शिल्लक आहेत आणि ३ एचपीचा ओगर ५९च्या ओगरइतक्याच जोरानं हाणतो. तेवढ्या वेळात सगळ्या गटानं एकावरच वार केले असते, तर एक सोटा कायमचा थांबला असता. ऑर्क १५ एचपीचा. सेव्ह चुकला तर मेला, साधला तर १४ वजा होऊन १वर उभा. गॉब्लिन ७ एचपीचा, त्याला अर्धी इजाही पुरते, उरलेली वाया. म्हणून 'एकूण किती' याऐवजी 'किती जण पडले' हा रकाना ठेवा.

कराड
'मारा' मागे घेतो. एक भर: खेळ चालवणाऱ्यासाठीच्या मार्गदर्शिकेत (डंजन मास्टर्स गाइड) नवा स्पेल बेतण्याचा तक्ता आहे. तिसऱ्या पातळीला, म्हणजे फायरबॉलच्याच, एकट्यासाठी दहा बाजूंचे पाच फासे (सरासरी २७.५), अनेकांसाठी सहा बाजूंचे सहा (सरासरी २१). फायरबॉलला आठ दिलेत, म्हणजे प्रत्येकी इजाही एकट्याच्या मापापेक्षा जास्त. तो नमुना धरून बाकीचे स्पेल जोखू नका, सगळेच फिके वाटतील.

मिरज
चौकटीचा नकाशा नसेल तर किती जण सापडतील याचा अंदाजही त्याच मार्गदर्शिकेत आहे. गोलाची त्रिज्या भागिले ५, शंकूची लांबी भागिले १०, रेघेची लांबी भागिले ३०, अपूर्णांक वर घ्या. फायरबॉल (गोल) ४, बर्निंग हँड्स (शंकू) २, लाइटनिंग बोल्ट (रेघ) ४. शंकू समजावताना सूप दाखवा. हाताशी अरुंद, पुढे पसरट, आणि जितका लांब तितकाच टोकाला रुंद.

विश्रामबाग, सांगली
ओळ बदलली: 'फायरबॉल: २० फूट त्रिज्येत सरसकट, सरासरी २८ प्रत्येकी, सेव्ह साधल्यास निम्मी.' मॅजिक मिसाइलपुढे 'तीन बाण, एकट्याला किंवा वाटून'. 'सेव्ह'ला मात्र शब्द सापडलेला नाही. 'बचाव' लिहिला तर मुलं तो आर्मर क्लासशी (वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा) घोटाळतील.