चिनी कोटा भरला, ताईचं घर अडलं

ताई: गेलं हातचं. ते जोडपं दोनदा घर बघून गेलं होतं, भावही ठरत आला होता. काल एक तारीख, एजंटनं एचडीबीचा, म्हणजे सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाचा, नवा आकडा बघितला तर आमच्या ब्लॉकमधला, म्हणजे इमारतीतला, चिनी कोटा भरलेला. ते दोघं चिनी. त्यांना विकताच येणार नाही.

आजी: म्हणजे काय गं? पैसे तर देतायत ना ते?

ताई: देतायत आई. नियमात बसत नाही.

धाकटा: थांब, मला कळलं नाही. कोटा असतो तो कमी असणाऱ्यांसाठी ना? सिंगापुरात चिनीच जास्त. त्यांचा कसला कोटा?

ताई: सांगते, जरा लांबेल. इथे चारातली तीन माणसं चिनी वंशाची. मलय साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, आपण भारतीय नऊ. आणि बहुतेक सगळे एचडीबीच्या, म्हणजे सरकारनं बांधलेल्या इमारतींत राहतात, दहातले जवळपास आठ जण. एकेका जमातीची वस्ती एकेका भागात साचायला लागली म्हणून १९८९ च्या मार्चपासून नियम आला. एका ब्लॉकमध्ये चिनी घरं ८७ टक्क्यांच्या वर नकोत, मलय २५ च्या, 'भारतीय व इतर' १५ च्या. अख्ख्या परिसरासाठी ८४, २२ आणि १२. आपला आकडा आधी १३ आणि १० होता, २०१० मध्ये वाढवला.
आता गंमत बघ. ब्लॉक ८७ ला टेकला. शेजारच्या चिनी अंकलनी चिनी माणसाला घर विकलं तर आकडा तेवढाच राहतो, म्हणून त्यांना मुभा. मी विकलं तर त्यांचं एक घर वाढतं, म्हणून मला बंदी. मला मलय नाहीतर भारतीय गिऱ्हाईकच शोधायचं.

धाकटा: म्हणजे चारातलं तीन गिऱ्हाईक दारातूनच परत.

ताई: आणि उरलेल्याला ते माहीत असतं. तो येतो तोच भाव पाडून. वरच्या मजल्यावर असंच घर, तेवढंच जुनं, मालक चिनी. दोन आठवड्यांत गेलं. आमचं पाचवा महिना.

काका: हे बघ बेटा, मी त्या देशाबद्दल थोडं वाचलंय. २१ जुलै १९६४. पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, २३ माणसं मेली. सप्टेंबरात पुन्हा, आणखी १३. पुढच्या वर्षी मलेशियातून वेगळं व्हावं लागलं. एवढं बघितलेल्या लोकांनी वेगवेगळे मोहल्ले होऊ दिले नाहीत, तर त्यात चूक काय? मोठ्या गोष्टीसाठी थोडं सोसावं लागतं.

ताई: चूक कोण म्हणतंय काका? पावती दर वेळी कमी असणाऱ्यांच्याच नावानं का फाटते, एवढंच विचारतेय. हे इथल्या संसदेतही विचारून झालंय. २०२२ मध्ये सरकारनं कबूल केलं की ज्यांचं घर यामुळे खरंच विकत नाही त्यांचं घर एचडीबी स्वतः विकत घेईल. पण ते शेवटचं दार. आधी बाकीची सगळी ठोठवायची.

चिमी: काका आजोबा, ती २१ जुलै आमच्या शाळेत साजरी करतात. रेशियल हार्मनी डे. सगळ्यांनी दुसऱ्यांचे कपडे घालायचे. माझ्या वर्गातल्या मुली साडी नेसून येतात आणि पिना मला लावायला सांगतात.

आजी: किती छान!

चिमी: छान असतं आजी. मग दुसऱ्या दिवशी विचारतात, तू इंडियन ना, मग तमिळच्या तासाला का नसतेस.

वहिनी: मग तू कुठल्या तासाला असतेस?

चिमी: हिंदीच्या. माझी मदर टंग हिंदी आहे. म्हणजे कागदावर.

आजी: अगंबाई! हिंदी?

ताई: अगं आई, इथे अधिकृत भाषा चार: मलय, मँडरिन, तमिळ, इंग्रजी. भारतीय मुलांची मातृभाषा म्हणून तमिळ. ती नको असेल तर बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू. मराठी त्या यादीत नाही.

काका: हे मात्र बरोबर नाही. मराठी मुलीची मातृभाषा हिंदी लिहायची? कुणाला विचारून? निवेदन द्यायला हवं.

धाकटा: मोठ्या गोष्टीसाठी थोडं सोसावं लागतं, काका. 😄

वहिनी: अहो, गप्प बसा. ताई, मला एक खरं सांगा. कोट्यानं शेजारी आणून बसवले, पण माणसं जवळ येतात का?

ताई: वहिनी, कसं सांगू? आमच्या इमारतीखाली तळमजला मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब. व्हॉइड डेक म्हणतात. लग्न तिथेच, मयतही तिथेच. मागच्या वर्षी एका शनिवारी एका टोकाला चिनी आजोबांचं मयत ठेवलेलं, पांढरा मांडव, उदबत्त्यांचा धूर. दुसऱ्या टोकाला मलय लग्न. वरात आली, पोरं कोंपांग बडवत होती, आपल्या डफासारखं वाद्य असतं. मांडवाच्या अलीकडे वाजवणं थांबलं. नवरानवरी मुकाट चालत गेली, पुढचा खांब ओलांडला आणि पुन्हा सुरू. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभी होते, लिफ्ट आली आणि गेली तरी बघतच राहिले.
नाहीतर कटकटी असतातच. चिनी लोक त्यांच्या पंचांगातल्या सातव्या महिन्यात पितरांसाठी कागद जाळतात, पिंपं ठेवलेली असतात त्यासाठी, तरी राख माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आणि शेजारच्या मलय बाई, त्यांना आम्ही मकचिक म्हणतो, मावशीसारखं, त्यांचा रेडिओ पहाटे सुरू. मशिदींचे भोंगे इथे आतल्या बाजूला वळवलेले आहेत, अजान रेडिओवर लागते. चिमीला परीक्षेच्या दिवसांत गजर लावावा लागत नाही.

चिमी: 😂 खरं आहे

धाकटा: भाड्यानं राहत होतात तेव्हाही हा नियम होता का?

ताई: नव्हता, तो घर विकण्या-घेण्यापुरता. पण घरमालकाच्या मनात स्वतःचा कोटा असतो. एकानं फोनवर आडनाव विचारलं आणि पुढचा प्रश्न, रोज स्वयंपाक करता का? मी हो म्हटलं. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

वहिनी: ती करीची बातमी तिथलीच ना?

ताई: इथलीच. चीनहून नव्यानं आलेल्या कुटुंबानं शेजारच्या भारतीयांच्या करीच्या वासाची तक्रार केली. मध्यस्थ बसले. तोडगा काय, तर ते घरी नसतील तेव्हाच यांनी करी शिजवायची, आणि त्यांनीही एकदा ती चाखून बघायची. हे २०११ च्या ऑगस्टमध्ये पेपरात आलं आणि लोक जे भडकले! २१ तारखेला ठरवून घरोघरी करी शिजवली, चिनी घरांतसुद्धा. सगळे त्याला एकोप्याचं उदाहरण म्हणून सांगतात. मलाही तेव्हा भरून आलं होतं. पण नंतर वाटलं, इथले चिनी त्या चिन्यांवर का चिडले? ते नव्यानं आले होते म्हणून. आणि आपण तरी कुठे जुने होतो? करी आपल्या बाजूला होती म्हणून वाचलो.

काका: हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

धाकटा: स्क्रीनशॉट घेतलाय. काकांनी मुद्दा मान्य केल्याचा.

आजी: ते सगळं राहू दे. घराचं काय करणार आहेस?

ताई: शनिवारी एक जण येतायत बघायला. मकचिकची भाची, लग्न ठरलंय तिचं. मावशीच्या शेजारी घर हवंय तिला.

आजी: मग चांगलंच की! त्यांच्या कोट्यात जागा आहे ना?

ताई: आहे, सकाळीच बघितलं. पण पुढच्या एक तारखेला पुन्हा बदलू शकतो, म्हणून मलाच घाई. आणि ते मकचिकला पक्कं ठाऊक आहे. आत्ता वाटीभर खीर देऊन गेली, जाता जाता म्हणाली, पोरीसाठी भाव जरा बघ.

वहिनी: मग तुम्ही काय म्हणालात?

ताई: खीर छान झालीय म्हणाले.